कंदिलावर निशाणी

तुळशीराम मास्तर माणसाचं माप तोंडीच घ्यायचा. मास्तर म्हणजे शिंपी. खामगावात कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या वस्तीत दारातच त्याचं मशीन होतं. समोरून कुणी गेलं की मशीनवरचा पाय न थांबवता तो म्हणायचा, "छाती छत्तीस, हिंमत अठरा." मी शाळेतला गुरुजी. मला पहिल्याच भेटीत "गळा पंधरा, आवाज नाही" असं माप मिळालं. राग आला, पण माप बरोबर होतं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता, आमदार मात्र जुनेच. आमचा मतदारसंघ म्हणजे त्यांचं घरचं वावर! तिकीट मिळालं की गुलाल आणून ठेवायचे. मतं मागायला वस्तीत पाऊलही टाकत नसत. वस्तीत नळ नव्हता. बाया रखवालदाराच्या शिव्या खात जिनिंगच्या हौदावर पाणी भरायच्या. अर्ज दिला की उत्तर ठरलेलं, "तुम्ही तर आमचेच." शेवटी मास्तर अपक्ष उभा राहिला.

"मास्तर, पडाल की हो!" मी म्हटलं.

"निवडून याले कोन उभं राह्यलं, गुरुजी? मी मोजून घ्याले उभा राह्यलो. वस्तीच्या पेटीतून दोनशे मतं त्याईच्या इरोधात निंघू द्या, साहेब सोता येऊन इचारन, पानी पायजे का म्हणून."

पूर्वी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. एकाच कागदावर शिक्का मारायची पद्धत आमच्याकडे त्या खेपेला नवीन होती. मास्तरला चिन्ह मिळालं कंदील. त्यानं पत्रक लिहून आणलं, 'कंदिलावर ठप्पा हाना.' मी सरकारी नोकर, त्या कागदाला हात लावायला नको होता. पण शुद्धलेखनाची खाज वाईट! "हे काय गावंढळ," म्हणत मी खोडून लिहिलं, 'कंदिलावर आपली निशाणी उमटवा.'

"ठप्पा काय वाईट होता?" तो म्हणाला. "बरं, तुमी शिकेल मानूस." आणि आठ दिवस त्यानं घरोघर तेच वाचून दाखवलं.

मतमोजणीला माझीच नेमणूक झाली. वस्तीची पेटी उघडली, पहिला कागद उलगडला. कंदिलावर अंगठा होता. दुसऱ्यावरही अंगठा. तिसऱ्यावरही. जन्मभर ज्यांच्याकडून प्रत्येक कागदावर 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' एवढंच घेतलं गेलं, त्या माणसांनी आत ठेवलेला शिक्का बाजूला सारून शाईच्या गादीवर अंगठा टेकवला होता. निवडणूक अधिकारी म्हणाले, "बाद." मी गठ्ठा रचत गेलो. कंदिलाला अकरा मतं पडली, आमदारांना सत्तर, आणि बाद गठ्ठा सगळ्यांत जाड.

मास्तर समोरच उभा होता. पत्रक कुणी लिहिलं हे त्यानं नुसतं बोलून दाखवलं असतं, तर माझी नोकरी गेली असती. तो म्हणाला, "गुरुजी, पानी प्या. सकाळपासून मोजून राह्यले तुमी."

पुढे नळ आला, पण स्टेशनकडच्या वस्तीला. आमच्याबद्दल आमदारांचे लोक हसून म्हणत, "तिथं विरोध आहेच कुठं?" कागदावर ते खरंच होतं. त्या वाक्यानं माझं अन्न गोड लागेना.

काही वर्षांनी मास्तर अंथरुणाला खिळला. मी म्हटलं, "वस्तीला सांगून टाकतो, चूक माझी होती."

तो धडपडत उठून बसला. "खबरदार! बाद झालं हे काऊन सांगता? त्याईनं मले देलं, मले भेटलं. आता वापस घेता का?"

त्याच महिन्यात तो गेला. त्याला माती देऊन परतताना वस्तीतली म्हातारी गोदामाय घागर घेऊन वाटेत उभी होती. डावा अंगठा माझ्यापुढे धरून तिनं विचारलं, "मास्तर पडला, गुरुजी. पन हा त्याच्याच मतात मोजला ना?"

"हो माय, मोजला," मी म्हणालो. शिकलेल्या माणसानं सांगितलं म्हणून तिनं ते खरं मानलं, आणि ती हौदाकडे पाण्याला गेली.