चुलत सासरे आणि लांबलेली परीक्षा

माझ्या चुलत सासऱ्यांच्या आधी कुठेही पोचलेला माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. काही लोक वेळेवर येतात, काही उशिरा येतात, आणि मी स्वतः दुसऱ्या गटातला जुना सभासद आहे. पण हे गृहस्थ येतात तेव्हा ज्यासाठी यायचं ती गोष्टच अजून आलेली नसते. लग्नाला ते मांडवाचे खांब रोवायच्या वेळी हजर. एकदा तर मांडववाल्याने त्यांना आपलाच गडी समजून कापडाचं टोक हातात दिलं, आणि त्यांनीही ते मुकाट्याने बांधलं, वर दुसऱ्या बाजूच्या गाठी सैल आहेत म्हणून मांडववाल्याला झापलं. माझ्या लग्नाला ते इतके लवकर आले की कार्यालयात आमच्या आधीचं लग्न चालू होतं. त्यांनी त्या लग्नात अक्षता टाकल्या, पंगतीत बसून मसालेभाताला नावं ठेवली, आहेराचं पाकीट दिलं आणि नवरदेवाच्या पाठीवर थाप मारून "आमच्या पोरीला नीट सांभाळा, पावणं," असा दम भरला. नवरी आपल्या पुतणीसारखी दिसत नाही हे लक्षात कसं आलं नाही, असं विचारलं तर म्हणाले, "मेकपात कोण कुणाला वळखतंय?" त्यानंतर आमचं लग्न लागलं तेव्हा त्यांनी नुसताच आशीर्वाद दिला. पाकिटाचा विषय निघाला की ते आजही शांतपणे सांगतात, "दिलंय की एकदा."

हातकणंगल्याजवळच्या एका गावात त्यांचं घर. उभी हयात साखर कारखान्यात टाइमकीपर म्हणून गेली. त्यांच्या काळात कारखान्याचा भोंगा कायम थोडा आधी वाजायचा. सगळं गाव भोंग्यावर घड्याळं लावायचं, त्यामुळे गावच जगाच्या जरा पुढे गेलेलं असे, आणि वेळेवर येणाऱ्या एसटीला लोक रोज लेट म्हणून शिव्या घालत. निवृत्तीनंतर भोंगा गेला, पण स्वभाव राहिला. एकदा आमच्याकडे कोल्हापूरला यायचं म्हणून ते हातकणंगले स्टेशनवर गेले, आणि कोल्हापूरची गाडी यायला अवकाश आहे असं कळल्यावर समोर उभ्या असलेल्या मिरजेच्या गाडीत बसून विरुद्ध दिशेला निघून गेले. संध्याकाळी घरी परतल्यावर खुलासा केला, "गाडी हुबी हुती. आपली येस्तोवर कुणी वाट बघायची?" भावकीतले एक म्हातारे दवाखान्यात होते, त्यांना भेटायला हे खांद्यावर टॉवेल टाकून, चेहरा पाडून गेले, तर म्हातारबुवा चहात खारी बुडवून खात बसलेले. आमचे चुलत सासरे क्षणभर हिरमुसले. मग "आलोच हाय तर बसतो" म्हणून बसले. ते म्हातारे अजून धडधाकट आहेत आणि कुठेही भेटले की विचारतात, "काय, आज परत लवकर आलासा?"

पण या सगळ्या घाईचं खरं ठिकाण म्हणजे त्यांची एकुलती एक नात, प्राजक्ता. प्राजूचा बाप, म्हणजे माझा मेहुणा, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर. शांत माणूस. बोलायची सगळी कामं त्याने वडिलांकडे सोपवलेली. प्राजू सातवीत असताना एकदा जेवताना म्हणाली, "आबा, मी डॉक्टर हुणार." दुसऱ्या दिवशी सकाळी आबा, म्हणजे आमचे हेच चुलत सासरे, शिंप्याच्या दुकानापुढे उभे होते, शटर वर व्हायची वाट बघत. पांढरा एप्रन शिवायचा होता. शिंप्याने माप विचारलं, तर म्हणाले, "वाढत्या अंगाचा शिवा. दवाखाना काढंपत्तूर पुरला पायजे." तो एप्रन प्राजूच्या घोट्यापर्यंत आला आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला भुताचं काम मिळालं.

अकरावीत तर त्यांनी तिचे सगळे दाखलेच काढून टाकले. अधिवासाचा, जातीचा, नॉन-क्रिमीलेअरचा, जे जे म्हणून मेडिकलच्या अर्जाला लागतं ते सगळं. "बारावीनंतर सेतूत आक्का जिल्हा येतंय," ते मला म्हणाले. "आपण मोकळ्यात काम उरकलं." सगळे कागद प्लॅस्टिकच्या फाइलीत गेले, फाइल ट्रंकेत गेली, आणि त्यानंतर घरात कुणी अर्जाचा विषय काढला की त्यांचं एकच उत्तर असे, "फाइल तयार हाय. तुम्ही फकस्त मार्कांचं बगा."

बारावीनंतरच्या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी रंगीत तालीम ठरवली. गाडी माझी, त्यामुळे चालक मी. कोल्हापूरच्या बाहेरच्या एका कॉलेजात प्राजूचं केंद्र होतं. तिथे आम्ही भल्या सकाळी पोचलो. आबांनी फाटक, नळ, सावलीचं झाड आणि स्वच्छतागृह यांची पाहणी केली. त्यांचा तो रुबाब बघून वॉचमनला वाटलं वरून कुणी तपासणीला आलंय. त्याने खुर्ची आणली. आबा बसले आणि त्याला म्हणाले, "परीक्षेदिवशी पंखे चालू पायजेत." तो "व्हय सायेब" म्हणाला. सगळं जमून आलं होतं. दोन दिवसांनी बातमी आली, परीक्षा पुढे ढकलली.

आबांचा त्या बातमीवर विश्वासच बसेना. लोक पुढे ढकलतात हे त्यांना माहीत होतं, पण सरकारही ढकलतं हे मान्य करायला मन तयार नव्हतं. ठरल्या तारखेला सकाळी माझा फोन वाजला. "पावणं, गाडी काढा. सेंटरवर जाऊन येऊ."

"काका, पेपर पुढं गेलाय."

"गेलाय की. पण गेलेला परत मागं आणला तर? तितं कोणतरी पायजे का नको?"

आम्ही गेलो. वॉचमनने पुन्हा खुर्ची दिली. आबा दुपारपर्यंत फाटकाजवळ पाण्याची बाटली घेऊन बसले, मग उठून धोतर झटकलं आणि म्हणाले, "न्हाई झाली. बातमी बरोबर हाय."

पुढे ती तारीख आणखी एकदा हलली. घरात सगळ्यांचीच तारांबळ. मेहुणा फाउंड्रीतून आला की टीव्ही लावायचा, वहिनी, म्हणजे प्राजूची आई, बंद करायच्या. आबा रोज सकाळी प्राजूच्या खोलीच्या दारात उभे राहून विचारायचे, "झाला का अभ्यास?" आणि ती पुस्तकातून मान वर न करता "झालाय, परत करायलोय," म्हणायची. आमच्याकडच्या मुली असंच बोलतात, करायलोय, गेलो, आलो. एके सकाळी मात्र तिने पुस्तक मिटलं आणि रडायला लागली. "आबा, मी सगळं विसरलो. तवाच घेतली असती परीक्षा तर आलं असतं मला. आता डोक्यात नुसती खिचडी झालीया."

मी त्या दिवशी तिथेच होतो. मला वाटलं, आता हे सरकारवर तोंडसुख घेणार. पण आबा आत जाऊन तिच्या पलंगावर टेकले. मग म्हणाले, "चल, म्हशीला पाणी दाखवून येऊ." त्या दिवसापासून घरात परीक्षा हा शब्द काढायला बंदी झाली. बंदी आबांनीच घातली आणि ती पाळताना सगळ्यात जास्त हाल त्यांचेच झाले. बोलायला तोंड उघडायचे, शब्द ओठांवर यायचा, आणि मग "ते आपलं... पाऊस काय म्हणतोय?" असं काहीतरी विचारून उठून जायचे. भर उन्हातसुद्धा पाऊस काय म्हणतोय असं विचारणारा माणूस बघून शेजारी काळजीत पडले.

अखेर परीक्षा झाली. आम्ही पोचलो तेव्हा फाटकाला कुलूप होतं आणि वॉचमन दात घासत होता. आता तो ओळखीचा झाला होता, त्याने तोंड धुतल्यावर आधी आमच्यासाठी चहा सांगितला. पेपर देऊन आल्यावर प्राजू म्हणाली, "बरा गेलाय." आणि निकाल आला तेव्हा तो बऱ्याहून पुष्कळ बरा निघाला. सरकारी कॉलेज मिळेल असे मार्क होते. पण आधीच सगळं लांबल्यामुळे प्रवेशाच्या अर्जाला मुदत अगदी थोडी दिली होती. "देऊ देत की," आबा ऐटीत म्हणाले. "आपली फाइल तयार हाय."

अर्ज भरायला प्राजू, आबा आणि मी सेतूत गेलो. खिडकीतल्या ताईंनी एकेक कागद उलटला आणि एका कागदावर त्यांचं बोट थांबलं.

"आजोबा, हा नॉन-क्रिमीलेअर चालणार नाही. मुदत संपलीय."

"संपली?" आबा म्हणाले. "अजून वापरला बी न्हाई की ओ! कोराकरकरीत हाय, बगा तरी."

"मार्चातच संपलीय. फार लवकर काढलात तुम्ही."

हे वाक्य त्यांना उभ्या आयुष्यात कुणी ऐकवलं नव्हतं. मांडववाल्याने नाही, स्टेशनमास्तरने नाही, आणि दवाखान्यातला म्हातारा म्हणायचा ते चेष्टेने. दाखल्याशिवाय राखीव जागा नाही, राखीव जागेशिवाय तेवढ्या मार्कांवर सरकारी कॉलेज अवघड, आणि खासगीचं नाव काढायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. नवा दाखला मिळायला लागणारे दिवस अर्जाच्या मुदतीपेक्षा जास्त होते. प्राजू म्हणाली, "आसूदे आबा, नवा टाकूया की," आणि तिथल्या तिथे तिने कागद भरायला घेतले. आबा माझ्याबरोबर बाहेर पायरीवर येऊन बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पावणं, माझ्यामुळं पोरीचं गेलं तर ओ?"

एरवी मी त्यांची इतकी चेष्टा करायचो, पण त्या वेळी उठलो आणि समोरून त्यांच्यासाठी चहा घेऊन आलो.

पुढचे दिवस आबा रोज दाखल्याच्या कचेरीच्या दारात. झाडलोट करणाऱ्या मावशी यायच्या आधी ते आलेले असत. साहेबांच्या सहीसाठी कुणाला काही म्हणायचे नाहीत, नुसते बसून राहायचे, आणि साहेब आले की उठून उभे राहायचे. शेवटी साहेबच शिपायाला म्हणाले, "त्या आजोबांचं काय असेल ते बघ, मला रोज गाडीतून उतरायला लाज वाटते." तरी कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला त्याचा त्याचा वेळ घेत होता. अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला आणि दाखला अजून आतच होता. मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसून मोबाइल बघत होतो, आणि तेवढ्यात ती सूचना आली.

"काका, मुदतवाढ दिलीय. अर्ज पुढच्या आठवड्यापर्यंत चालणार."

आता मुदतवाढ या शब्दावर आबांचा जन्माचा राग. पाणीपट्टीला मुदतवाढ मिळाली तरी ते "आळशांची चैन हाय नुसती" म्हणून दिवसभर चिडचिड करत. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"वाढली?"

"वाढली."

"काय देवमाणसं हाईत ओ!" ते उठून उभे राहिले. "कोण ढकलतंय ही तारीख? कुठं बसतंय ते? त्याचं भलं होऊदे!" आणि समोरच्या दुकानातून पेढे आणून त्यांनी रांगेतल्या सगळ्यांना वाटले. दाखला अजून मिळालेला नव्हता. तो त्याच आठवड्यात मिळाला. पण पेढे आधी वाटून झाले होते.

मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजात प्राजूला जागा मिळाली. निघायच्या दिवशी दुपारी मी गाडी घेऊन गावी गेलो. एरवी मी जाईपर्यंत आबा कट्ट्यावर बसून वाळलेले असतात. त्या दिवशी कट्ट्यावर कुणी नव्हतं. आबा आत बसून प्राजूच्या बॅगेच्या चाकांना तेल घालत होते. अंगात बनियन, अजून आंघोळ व्हायची होती.

"काका, निघायचं न्हवं?"

"जाऊ की ओ. गडबड काय हाय?"

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासाठी थांबलो. गाडीत बसल्यावर म्हणाले, "पावणं, दमानं चालवा. रस्त्यात खड्डे हाईत." रस्ता चांगला गुळगुळीत होता. मी दमाने चालवली. स्टँडवर मेहुणा सामान घेऊन फलाटाशी उभा राहिला, तो लेकीबरोबर जाणार होता. आबा चौकशीच्या खिडकीकडे गेले आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"तासभर लेट हाय!"

मग त्यांनी प्राजूला भजी खाऊ घातली, भडंगाची पाकिटं घेऊन दिली, बाकावर शेजारी बसवून घेतलं. ती म्हणाली, "आबा, बीपीची गोळी वेळेवर घेत जावा." ते म्हणाले, "वेळेवर कशाला? आदीच घेतो." दोघंही हसली. बस आली तेव्हा तिने वाकून नमस्कार केला. आबा तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले, कंडक्टरने दोनदा बेल मारली तरी.

परतीच्या वाटेवर ते शिरोलीचा पूल ओलांडल्यावर म्हणाले, "पावणं, दिवाळीची सुट्टी कधी हाय?"

"दिवाळी तर आत्ताच झाली की, काका."

"व्हय," ते म्हणाले, आणि काच खाली करून बाहेर बघत राहिले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "लय लांब हाय मग."