शेवटच्या सीटवरचे म्हात्रे मास्तर

अनंतराव म्हात्रे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या शाळेच्या बसमध्ये, सर्वांत मागच्या सीटवर अंग चोरून बसलेले. नौपाड्यातल्या आमच्या शाळेची वाहतूक व्यवस्था तेव्हा माझ्याकडे होती. बसचालकांसाठी सुरक्षेचे प्रशिक्षण ठेवले होते आणि एसटीत चालकांना शिकवून निवृत्त झालेले म्हात्रे त्यासाठी कल्याणहून आले होते. भाषण होईल, मग प्रमाणपत्रे वाटली जातील, अशी माझी समजूत. ते मात्र सरळ बसमध्ये चढले, मागे जाऊन बसले आणि चालक प्रकाशला म्हणाले, "पुढच्या दाराशी आग लागलीय. मला बाहेर काढ."

प्रकाश हसतच मागच्या इमर्जन्सी दाराकडे गेला. दार उघडेना. हँडलला तारेचे वेढे होते, आणि ते त्यानेच घातलेले होते.

"पोरं हँडलशी खेळतात, मास्तर. म्हणून बांधलंय."

"खेळतात पोरं आणि शिक्षा दाराला होय रे?"

"पक्या, मास्तरांचा कोळसा झाला बघ!" मागून एक चालक ओरडला. सगळे हसले. म्हात्रे हसले नाहीत. पक्कड सापडून तार सुटेपर्यंत ते जागेवरून हलले नाहीत, आणि हळूहळू बसमधला हशा थांबला.

मुख्याध्यापक प्रकाशला कामावरून काढायला निघाले होते. म्हात्रे यांनी त्यांना शांतपणे सांगितले, "काढलात तर नवा येईल, तोही दार बांधेल. ह्याला ठेवा. हा आता बांधणार नाही, ही हमी माझी." हमी दिली आणि ती निभावण्यासाठी ते दर महिन्याला स्वतः येऊ लागले. प्रत्येक चालकाने त्या दारातून उतरून दाखवायचे आणि फेरी संपल्यावर बस सोडण्यापूर्वी शेवटच्या सीटपर्यंत जाऊन सीटखाली वाकून पाहायचे, हे दोन नियम त्यांनी कधी सैल केले नाहीत. एकदा कार्यालयातून निरोप आला की प्रमाणपत्रे संध्याकाळपर्यंत हवीत. "मग माणसं आत्ता उतरवा," एवढेच ते म्हणाले. न उतरलेल्याच्या प्रमाणपत्रावर त्यांची सही कधी मिळाली नाही.

त्या हमीची परीक्षा घोडबंदर रोडवर झाली. शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन निघालेली प्रकाशची बस वाहतुकीत अडकली असताना पुढून धूर येऊ लागला. त्याने इंजिन बंद केले आणि मागचे दार उघडले. मुलांना सांभाळणाऱ्या बसमधल्या मावशी आधी खाली उतरल्या आणि प्रकाशने मुले एकेक करून त्यांच्या हातात दिली. सगळी उतरली असे वाटत असताना तो सवयीने पुढपर्यंत जाऊन प्रत्येक सीटखाली वाकून पाहत मागे आला. पहिलीतली एक मुलगी दप्तर ओढत सीटखाली बसली होती. तिला उचलून तो त्याच दारातून उतरला. दप्तर आतच राहिले.

शाळेला कळवल्यावर त्याने म्हात्रे यांना फोन लावला. मी तोवर तिथे पोहोचले होते. फोनमधला आवाज मला ऐकू येत होता.

"शेवटच्या सीटपर्यंत गेलेलास?"

"गेलेलो, मास्तर. एक होती."

मग ते म्हणाले, "बस तिथंच. पाणी पी. मी येतो."

ते कल्याणहून आले. प्रकाशच्या शेजारी पदपथावर बसले. शाबासकी दिली नाही की चुका काढल्या नाहीत. चहाचा ग्लास त्याच्या हातात स्थिर राहीपर्यंत त्यांनी आपला हात त्याखाली धरून ठेवला होता. त्यांच्याविषयी मला जे सांगायचे आहे, ते बहुतेक त्या हातातच आहे.

आज म्हात्रे मास्तर पंचाहत्तर वर्षांचे झाले आहेत. गुडघे कुरकुरतात, तरीही सरावाच्या दिवशी ते मागच्याच सीटवर जाऊन बसतात. नव्या चालकांना शिकवायला आता प्रकाशही सोबत असतो. "मास्तर, आज पुढच्या दाराने उतरा ना," असे तो दर वेळी विनवतो, आणि दर वेळी उत्तर येते, "पुढं आग आहे रे."

मास्तर, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. अजून पुष्कळ वर्षे त्या सीटवर बसून तुम्ही "मला बाहेर काढ" म्हणत राहा. दार उघडे असेल. खाली प्रकाश हात पसरून उभा असेल.