पदराआड

बाळंतपण लातूरच्या दवाखान्यात झालं आणि तिथून आई मला माहेरी, मुरुडला घेऊन आली. दवाखान्यातल्या सिस्टरने पहिलं चिकाचं दूध पाजून घेतलं तेव्हा सगळं नीट होतं. घरी आलो आणि बिनसलं. मुलगी दोन घोट ओढायची, तोंड सोडायची आणि रडायची. माझ्या बोंडांना चिरा पडल्या. तिला जवळ घ्यायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा.

त्यात बाळाला बघायला येणाऱ्या बायकांची रीघ. प्रत्येकीकडे अळिवाचे लाडू आणि एक निदान. "दूधच न्हाई हिला," शेजारची काकू म्हणाली, "पावडरचा डबा आणा." आईने लगेच भावाला मेडिकलवर पिटाळलं. मला रडू आलं आणि रागही आला. मला मुलीला अंगावरच पाजायचं होतं. इकडे ब्लाउज दुधाने भिजत होता आणि ही मंडळी दूध नाही म्हणून हळहळत होती.

आमच्याकडे पाजताना दृष्ट लागते म्हणून बाळासकट सगळं पदराआड. आईने तर वरून दुपटंही टाकलेलं. आत अंधार, उकाडा, आणि मी वाकून, अंदाजाने तिच्या तोंडाशी चाचपडतेय. सिस्टरने सांगितलं होतं, पोटाला पोट लावायचं, हनुवटी छातीला टेकवायची, बाळाने मोठा आ केला की बोंड भोवतीच्या काळ्या भागासकट तोंडात द्यायचं. पण तोंड दिसेल तर ना.

माझं डोकं तसंही लवकर तापतं. मी दुपटं भिरकावलं आणि पदर बाजूला केला.

"अगं, काय करायलीस? दृष्ट लागंल लेकराला," आई धावत आली.

"लागू दे. उपाशी ऱ्हायल्यापेक्षा बरं. माय, तू दार लाव आन् इथं येऊन बस."

माझा अवतार बघून आईने काकूला बाहेर काढलं आणि दार लावलं. काकूचा रुसवा पुढे बारशापर्यंत टिकला. मी भिंतीला टेकून मुलीला पोटाशी घेतलं. ती नुसतं टोक धरून ओढत होती, हे आत्ता दिसलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडवलं, थांबले, आणि तिने जांभई दिल्यासारखा आ केला तसं तिला पटकन जवळ ओढलं. दुखलं नाही. थोड्याच वेळात घोटांचा आवाज यायला लागला. मला इतका आनंद झाला की हसू आवरेना, आणि माझ्या हसण्याने तिचं डोकं हलायला लागलं.

भाऊ डबा घेऊन आला. आईने दारातूनच सांगितलं, "परत दे जा. लेकरू प्यायला लागलंय."

मग ती माझ्या शेजारी बसली आणि मुलीचा हलणारा जबडा बघत राहिली. आम्हा तिघा भावंडांना तिने सासरच्या भरल्या घरात पाजलेलं, भिंतीकडे तोंड करून, वरून पदर ओढून.

"असं पितंय होय लेकरू," ती हळूच म्हणाली. "तुम्ही तिघं कसे पीत होता, मी कधी पाह्यलंच न्हाई."