माझ्या राजाने वेठ घेतली नाही

त्या उन्हाळ्यात मी प्रभूवर चिडलो होतो, हे आधीच कबूल करतो. सूर्यमाळच्या पाड्यावर मी दोन वर्षे शाळा चालवत होतो आणि रविवारी चार माणसे जमवून सांगत असे, की ख्रिस्त राजांचा राजा आहे. त्याच वैशाखात संस्थानात शिकारीला आलेल्या कुणा बड्या पाहुण्याच्या राहुट्या आमच्या माळावर पडल्या. पाड्यातल्या सगळ्या बाया वेठीला धरल्या. डोंगराखालच्या एकुलत्या झऱ्याचे पाणी वर राहुट्यांपर्यंत वाहून न्यायचे, मजुरी नाही. झऱ्यावर शिपाई बसला. घोडे न्हात होते आणि पाड्यातली पोरे तहानेने रडत होती!

माझी बायको तीन दिवस तापाने फणफणली होती आणि घरात घोटभर पाणी नव्हते. मी झऱ्यावर जाऊन शिपायाला हात जोडले. तो म्हणाला, "साहेबांची आंघोळ व्हायची आहे. संध्याकाळी या." माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. घरी येऊन ओट्यावर बसलो आणि प्रभूशी भांडलो. तू राजा ना? मग एका शिपायापुढेही तुझे का चालत नाही? काट्यांचा मुकुट घालून गप्प राहणारा राजा मला त्या दुपारी नको होता.

तेवढ्यात वेठीच्या रांगेतली एक बाई वाट सोडून माझ्या दारी आली. डोईवरचा हंडा तिने आमच्या मडक्यात रिता केला.

"अगं, शिपाई मारील तुला," मी म्हणालो.

"मारूं दे. बाय तापली ना तुजी."

मी गहिवरून विचारले, "तू कोण गं? कुठल्या पाड्याची?"

ती बघतच राहिली. "तुज्या घरचा पानी रोज मीच भरतां, मास्तर. वळखला नाय?"

मास्तराचे पाणी पाड्याने भरायचे, ही तिथली रीत. त्या रीतीला मी माझा मान समजत होतो. राहुट्या पडेपर्यंत रोज पहाटे परसदारी हंडा भरलेला असे. कुणी भरला हे मी कधी विचारले नाही, मोबदला दिला नाही. पाहुण्याच्या वेठीवर दातओठ खाणारा मी घरी वेठच घेत होतो, आणि वर राजाच्या नावाने उपदेश करत होतो. तो तर शिष्यांचे पाय स्वतः धुणारा राजा. मला त्याची सत्ता हवी होती, त्याचे काम नको होते.

संध्याकाळी ताप उतरला. कशाने उतरला याचा खल मी करत नाही, प्रभूचे उपकार मानतो. पाहुण्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि तो काढून घे अशी प्रार्थनाही मी केली नाही. वेठ मीही घेतली, तेव्हा त्या रागातून मला वगळू नकोस, एवढेच मागितले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, शिपायाने झरा मोकळा केल्यावर, हंडा घेऊन मी स्वतः तिथे गेलो. बाया हसल्या, सरकून त्यांनी जागा दिली. तिथे मी तिचे नाव विचारले, दोन वर्षांत पहिल्यांदा.