पाडव्याला बुजवलेला ओढा

आमच्या गल्लीमागं ओढा होता. आता तो कुठाय म्हणून कुणी पावणं विचारायला लागलं, तर मी दादाच्या वाहनतळाकडं बोट दाखवतो. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. आमचे गोठे शेजारी-शेजारी, एकाच परड्यात.

वरच्या टेकाडाकडून ओढा यायचा, घरांच्या पाठीशी वळसे घेत खाली पंचगंगेला मिळायचा. माझ्या लहानपणी त्यात खेकडी सापडायची. पुढं लोकांनी त्यात संडासाचे पाइप सोडले, प्लॅस्टिक टाकलं, आणि वर तोंड करून त्यालाच नाला म्हणायला लागले. आम्ही म्हशीवाले तेवढे ओढाच म्हणायचो. कारण आमच्या वळणावरच्या डोहाला जिवंत झरा होता, तिथं पाणी बऱ्यापैकी नितळ राहायचं आणि आमच्या म्हशी त्यात डुंबायच्या. म्हशीला डुंबायला मिळालं नाही की ती दुधाला आखडते, हे कुणालाही विचारा.

मग शिरोलीच्या कारखान्यांकडनं फाउंड्रीतली, ओतकामाची जळकी काळी वाळू डंपरनं काठावर पडायला लागली. कोण टाकतंय कळेना. मी गल्ली गोळा केली, डंपर अडवले. दादा माझ्या शेजारी उभा, घसा बसेपर्यंत ओरडला गडी. त्या संध्याकाळी गोठ्यात येऊन त्यानं माझ्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. दुभत्या जनावरावर हात ठेवून दिलेला शब्द आमच्या घरात मोडत नाहीत.

"वढा माझाबी हाय की," तो म्हणाला. "डोहाला हात लावू देत न्हाय कुणाला."

मी निर्धास्त झालो.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी मिरवतात. भादरायच्या, तेल चोळून चकचकीत करायच्या, शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची. मालकानं मोटरसायकल रेस केली की म्हस मागं पळत सुटते आणि सगळा रस्ता बघत उभा राहतो. दादानं म्हशी विकून कैक वर्षं झालती, मिरवणुकीकडं तो फिरकायचासुद्धा नाही. त्या वर्षी मात्र घरोघर सांगत सुटला, की एकजात सगळ्यांनी निघायचं, गल्लीत कुणी मागं राहायचं नाही. माझ्या म्हशीला मोरपिसांचा तुरा त्यानंच बांधला. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. तुम्ही व्हा पुढं, मी आलोच, म्हणाला.

तो आला नाही. दिवस मावळताना आम्ही परतलो. दमलेली म्हस सवयीनं सरळ डोहाकडं गेली आणि काठावर थबकली. डोह नव्हता. काळी वाळू होती, वर रोलरसुद्धा फिरवलेला. कडेला उभा राहून दादा डंपरवाल्यांना चहा देत होता.

केसानं गळा कापायला ह्याला अख्ख्या कोल्हापुरात मीच सापडलो? मी त्याला तोंडावर हलकट म्हणालो, शिव्या घातल्या. तो शांतपणे म्हणाला, वाहनतळ करतोय, तुझी गाडी फुकट लाव. तेव्हापासून आमचं बोलणं बंद झालं.

पुढच्या पावसाळ्यात पंचगंगा फुगली. पूर चढला की ओढ्याचं पाणी उलटं फिरतं. पूर्वी ते डोहात आणि काठच्या गवतात पसरायचं. आता त्याला जागाच उरली नव्हती, ते माझ्या गोठ्यात शिरलं. सकाळी बघतो तर म्हस पोटापर्यंत पाण्यात. बाहेर पडायची वाट बुडालेली. जवळ कोरडी जागा एकच, दादाचा भराव. त्यावर उभा राहून तो हाका मारत होता, "म्हस हिकडं आण, हितं कोरडं हाय."

काय करणार होतो? माझ्या रागापायी मुकं जनावर बुडवायचं? नेली. जिथं ती उन्हाळाभर डुंबायची, नेमक्या त्याच जागेवर दादाच्या वाहनतळाच्या खांबाला दावं बांधलं. दादानं कुठनंतरी वैरण आणून टाकली. मग मायेनं, अगदी पूर्वीसारखा, तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हात काढ," मी म्हणालो.

काढला त्यानं. दावं मात्र मला सोडता आलं नाही. पाणी उतरेपर्यंत माझी म्हस त्याच्याच दारात उभी होती.