लाल टोपीचं बटण

माझी आत्या स्वतःच्या हट्टाने वृद्धाश्रमात राहायला गेली, हे आमच्या नात्यातल्या बऱ्याच जणांना अजून पटलेलं नाही. तिला कुणी घालवलं नव्हतं. जन्मभर शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीनंतर काही वर्षांनी तिने जाहीर केलं की एकटीने पत्ते मांडून बसायचा तिला कंटाळा आला आहे. सोलापुरात विजापूर रस्त्याला, घरं विरळ होऊन शेतं लागतात तिथे एक छोटा वृद्धाश्रम आहे. ती एकटीच रिक्षा करून तिथे गेली, जेवण चाखून आली, खिडक्या उघडतात का बघितलं, रमी कोण कोण खेळतं याची चौकशी केली आणि परत येऊन ट्रंक भरायला घेतली.

मी तेव्हा पुण्याची नोकरी घरूनच करायला लागले होते आणि सोलापूरला परतले होते. फोनमधलं ॲप लोकांच्या हाताला सोपं कसं जाईल, कुठलं बटण कुठे हवं, त्यावर काय लिहायचं, हे ठरवायचं माझं काम. दर रविवारी मी आत्याकडे जायचे. संध्याकाळी निघायच्या वेळी दारात नेहमी एकच दृश्य असायचं. दिवसपाळीच्या मावशी खांद्याला पिशवी अडकवून उभ्या आणि समोर रात्रपाळीच्या. कोण जेवलं नाही, कुणाचं अंग गरम लागतंय, कुणी गोळी थुंकून टाकली, हे सगळं त्या तोंडी सांगत असत. सांगणं संपेपर्यंत कोपऱ्यावरची बस निघून गेलेली असायची.

एका रविवारी आत्याने पत्ते पिसता पिसता मला सांगितलं, "तू साऱ्या जगासाठी ॲप करतेस, एक यांच्यासाठी कर. यांची बस चुकते."

आजवर माझ्याकडे आलेली बरीच कामं पानंच्या पानं लिहून आली होती. हे एका वाक्यात आलं, आणि मला लगेच कळलं: दिवसभराची नोंद फोनवरच झाली की दारातलं सांगणं उरणार नाही.

संचालकबाईंनी आनंदाने होकार दिला. माझी गाठ घालून दिली ती दिवसपाळीच्या थोरल्या मावशींशी. त्या मोडनिंबकडच्या शेतकरी घरातल्या, उंच, मोठ्या आवाजाच्या. त्यांच्या हाकेने ज्यांना ऐकू येत नाही तेही मान वळवायचे. महिनाभरात मी पहिलं ॲप तयार करून नेलं. पांढरंशुभ्र, नीटनेटकं, बारीक अक्षरांचं. पहिलं ॲप मोडायलाच असतं, हे मला माहीत होतं. पण ते इतक्या चटकन मोडेल असं वाटलं नव्हतं. मावशी एका आजींच्या पायाला तेल चोळत होत्या. त्यांनी तसाच अंगठा फोनवर ठेवला. फोन ढिम्म हलला नाही. त्यांनी अंगठा पदराला पुसला, परत ठेवला, आणि भलतंच काहीतरी उघडलं. बटणावर मी 'सेवन पूर्ण' असं लिहिलं होतं. ते वाचून त्यांनी मला विचारलं, हे च्यवनप्राशाचं हाय का? आत्या इतकी हसली की तिच्या हातातले पत्ते सगळ्यांना दिसले आणि डाव परत वाटावा लागला.

मग आमचा तसाच क्रम पडला. मी आठवडाभर बदल करायचे आणि रविवारी घेऊन जायचे. बटणं तळहाताएवढी झाली. 'सेवन पूर्ण'चं 'जेवले' झालं, 'गोळी घेतली' आलं, 'नको म्हणाले' आलं. हे शेवटचं मावशींनी मागून घेतलं, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे निम्मा दिवस त्यातच जातो. त्यांच्याही सगळ्याच कल्पना जमल्या असं नाही. गोळीची वेळ झाली की फोनने कोंबड्यासारखं आरवावं, अशी त्यांची फार इच्छा होती. मी तसं करून दिलं. दुपारी सगळे डुलक्या घेत असताना कोंबडा आरवला. एक आजोबा उठले, टॉवेल खांद्यावर टाकून अंघोळीच्या रांगेत जाऊन उभे राहिले आणि पाणी का तापवलं नाही म्हणून रागावले. दुसऱ्या रविवारी मावशींनी स्वतःच तो आवाज काढायला लावला. "लई हसलो, पर पुरे झालं," त्या म्हणाल्या.

खरी अडचण वेगळीच होती. कुणाची गोळी, हे फोनमध्ये शोधायचं कसं? मी खोलीच्या आणि खाटेच्या नंबराप्रमाणे यादी केली होती. पण तिथली मंडळी खाटेवर टिकायचीच नाहीत. कुणाला पंख्याखाली जागा हवी, कुणाला खिडकी हवी, कुणाचं शेजाऱ्याशी बिनसलं की गादी उचलून पलीकडे. नावं घालावीत तर एकाच नावाच्या तिघी. आधार कार्डावरचे फोटो घातले, तर त्यात सगळेच जण सारखे घाबरलेले दिसत होते. आत्याने स्वतःचा फोटो बघून ही बाई कोण म्हणून विचारलं. नवे फोटो काढायला गेले, तर निम्म्यांनी तोंड फिरवलं. म्हातारपणात कसले फोटो, असं त्यांचं म्हणणं.

मावशी मात्र कुणालाच नंबराने किंवा नावाने ओळखत नव्हत्या. त्या म्हणायच्या लाल टोपीवाले, रेडिओवाले, जपमाळवाल्या आजी, दाराशी बसणाऱ्या आजी. मी ठरवलं, बटणावर हेच घालायचं. प्रत्येकाचं एक छोटं चित्र, त्याच्या ओळखीच्या वस्तूसकट. आता अडलं ते एवढंच की मला बटणं मांडता येतात, माणसं काढता येत नाहीत.

तेव्हा आत्याने पेंटरकाकांचं नाव काढलं. ते कोपऱ्यातल्या खोलीत राहायचे. विणकर घरात जन्मलेले, घरी तेलुगू बोलणारे, पण मागावर न बसता उभी हयात त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. छापील फ्लेक्स आले तसं काम गेलं. पुढे हात थरथरायला लागला आणि त्यांनी ब्रश कायमचा ठेवून दिला. रमीला ते फक्त बघायला बसायचे, कारण हातात पत्ते धरले की गळायचे.

मी विचारायला गेले तर त्यांनी मला शांतपणे वाटेला लावलं. "अम्मा, फ्लेक्सवाल्याकडे जा. तो कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत काढतो," असं म्हणून ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

मी परत आले.  आत्याने माझ्या बॅगेतला मार्कर घेतला, एक कागद पुढे ओढला आणि लाल टोपीवाल्या आण्णांचं चित्र काढायला बसली. आत्या मराठी फार सुंदर शिकवायची, पण चित्रकलेत तिचं डोकं कधीच चाललं नव्हतं. तिने काढलेले आण्णा भोपळ्यावर पळी ठेवल्यासारखे दिसत होते. तो कागद घेऊन ती थेट कोपऱ्यातल्या खोलीत गेली. मी आणि मावशी दाराशी उभ्या. तिने अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की ॲपसाठी हेच चित्र नक्की केलं आहे, फक्त एकदा नजर टाकून द्या.

पेंटरकाका उठून बसले. बराच वेळ त्यांनी तो कागद बघितला. मग तेलुगूत स्वतःशीच काहीतरी पुटपुटले आणि मार्करसाठी हात पुढे केला.

पहिली रेघ वेडीवाकडी आली. दुसरीही तशीच. त्यांनी मार्कर खाली ठेवला. आता हा माणूस परत भिंतीकडे वळणार, असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "हे माझं माप नाही. बोटाच्या कामाला हात हलतो. खांद्यापासून काम असेल तर हलत नाही. मला मोठं काहीतरी दे."

पुढच्या रविवारी आम्ही त्यांना घेऊन नवी पेठेत गेलो. ते, आत्या आणि मी, एका रिक्षात. रंगांच्या दुकानात त्यांनी एकेक ब्रश तळहातावर फिरवून बघितला, केस ओढून बघितले, दोन परत केले, दुकानदाराशी घासाघीस केली आणि अखेर भिंत रंगवायचे रुंद ब्रश घेतले. खूप दिवसांनी गर्दीत आले होते. येता-जाता पाट्यांकडे बघून, हा 'क्ष' बघ, याला कंबरच नाही, असं काहीबाही सांगत होते. आत्याने बांगड्या घेतल्या, मग तिघांनी उसाचा रस घेतला. परत आलो तेव्हा मावशी दारातच उभ्या होत्या, काय काय आणलं ते बघायला.

आश्रमाच्या लांब व्हरांड्यात आम्ही भिंतीला मोठमोठे कागद चिकटवले. पेंटरकाका उभे राहिले, उजवा हात खांद्यापासून फिरवून मोकळा केला आणि आण्णांची टोपी एका फटक्यात ओढली. टोपलीएवढी टोपी. हात तेव्हाही थरथरत होता, पण एवढ्या मोठ्या रेघेत ती थरथर कुठल्या कुठे हरवून गेली. मी त्या चित्राचा फोटो घेतला, लहान करून अंगठ्याएवढा केला आणि फोन त्यांच्यापुढे धरला. टोपी, भुवया, गालाची खळी, सगळं ठसठशीत आणि रेघ सुतासारखी सरळ. त्यांनी फोन जवळ नेला, लांब नेला, परत जवळ नेला.

"हे मी काढलं?" त्यांनी विचारलं.

"तुमीच की," मावशी म्हणाल्या. "आमी हितंच उभ्या हाय."

ते जे हसले, ते हसू मला आजही दिसतं. त्यांच्याबरोबर आम्हीही हसलो, आणि कुणालाच आधी थांबायचं नव्हतं.

मग व्हरांड्यात रोज गर्दी व्हायला लागली. ज्यांनी फोटोला तोंड फिरवलं होतं, तेच केस विंचरून, ठेवणीतलं नेसून खुर्चीवर येऊन बसायला लागले. रेडिओवाल्यांनी आपला रेडिओ पुसून आणला. जपमाळवाल्या आजी म्हणाल्या, माळ नीट मोजून काढा, मणी कमी पडायला नको. एका आजोबांना तरुणपणच्या भरघोस मिशा हव्या होत्या. मावशींनी विरोध केला. त्यांचं म्हणणं रास्त होतं, उद्या नवी बाई आली तर ती मिशावाला माणूस शोधत फिरेल. आजोबा दोन दिवस रुसले. मग त्यांनीच तोड काढली, खऱ्याच मिशा वाढवायच्या. चित्र त्यासाठी थांबवून ठेवलं. मिशा आल्या, अगदी झुपकेदार नाही पण ओळखण्याइतक्या, आणि मगच पेंटरकाकांनी ब्रश लावला.

दाराशी बसणाऱ्या आजींना फारसं काही लक्षात राहत नसे. समोरचं माणूस कोण, हे त्या रोज नव्याने विचारायच्या. भिंतीवर चित्रं वाळत लावली, तेव्हा त्या तिथून काठी टेकत चालत गेल्या आणि एकेका चित्राला नमस्कार करत गेल्या. रेडिओच्या चित्राशी थांबून त्यांनी फर्माइश केली, एखादं गाणं लावा. त्या दिवसापासून त्या खऱ्या रेडिओवाल्यांनाही तीच फर्माइश करायला लागल्या आणि ते न कंटाळता लावायला लागले.

ॲप कामाला लागलं. मी कितीही सांगितलं की सुरुवातीला गोंधळ होईल, तरी मावशींनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की बाईनं मनापासून केलंय, नीट वापरायचं. थोड्याच दिवसांनी एक नवी मुलगी कामाला आली. अक्कलकोटच्या पलीकडची, घरी कानडी बोलणारी, मराठी अडखळत वाचणारी. योगायोगाने मीही त्या दिवशी तिथे होते. आदल्या दिवशीच पंख्यावरून भांडण होऊन लाल टोपीवाले आण्णा आणि मिशावाले आजोबा यांच्या खाटा बदलल्या होत्या, आणि हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. ती मुलगी साखरेच्या आजाराची गोळी घेऊन, तिला दाखवून ठेवलेल्या आण्णांच्या जुन्या खाटेपाशी गेली. तिथे मिशा बसलेल्या. तिने फोन बघितला, माणूस बघितला, परत फोन बघितला. मग वळली आणि खोलीभर नजर फिरवली. पलीकडच्या खाटेवर, ऐन उन्हाळ्यात, लाल लोकरीची टोपी. तिने जाऊन गोळी दिली आणि चित्रावर बोट ठेवलं.

 माझ्या कामात असा क्षण क्वचित बघायला मिळतो, एरवी माझी बटणं कुठे कोण दाबतं हे मला कधी कळत नाही. मावशींनी मला कोपराने ढोसलं. "चाललं की," एवढंच त्या म्हणाल्या आणि कपडे वाळत घालायला निघून गेल्या. त्या संध्याकाळी त्यांनी दारात उभं राहून रात्रपाळीच्या मावशींना फक्त एकच गोष्ट सांगितली, ती आण्णांच्या भांडणाची. कारण ती ॲपमध्ये लिहायला बटण नव्हतं. बस आली तेव्हा त्या थांब्यावर आधीच जाऊन उभ्या होत्या.

बातमी इकडून तिकडे गेली. नातेपुत्याच्या एका वृद्धाश्रमाकडून विचारणा आली, आम्हालाही ते ॲप द्याल का. मी आनंदाने देते म्हणाले. त्यांनी पुढे विचारलं, चित्रंसुद्धा पाठवाल ना? त्यांना वाटलं, म्हाताऱ्या माणसांची चित्रं ॲपबरोबर तयारच येतात. मी हे हसत हसत पेंटरकाकांना सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे विचारलं, नातेपुत्याला गाडी कितीला सुटते.

शेवटी जीप केली. पेंटरकाका पुढच्या सीटवर, मांडीवर रंगांची पिशवी. आत्या, मी आणि सुट्टी घेतलेल्या मावशी मागे. मावशींनी भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतली होती, ती मोडनिंबच्या अलीकडेच संपली. मोडनिंब आलं तेव्हा मावशींनी खिडकीतून हात बाहेर काढून आपल्या माहेरची वाट दाखवली आणि ती वळणापर्यंत सगळ्यांकडून बघून घेतली.

नातेपुत्यात अंगणात कडुनिंबाखाली कागद लावला. तिथली मंडळी लांबून बघत बसली, कुणी पुढे येईना. मग एक ठेंगणी आजी पदर खोचत आली, खुर्चीवर ऐसपैस बसली आणि म्हणाली, "मला माज्या म्हशीसकट काढा. म्हस इकली, पर वळख तिचीच हाय."

पेंटरकाकांनी खांदा फिरवून हात मोकळा केला, सगळ्यात रुंद ब्रश उचलला आणि तिला विचारलं, "शिंगं कशी होती, वळलेली की सरळ?"