मिठाच्या गणिताला शून्य

काही प्रकरणे कागदोपत्री मिटतात, पण डोक्यातून जात नाहीत. हे तसलेच एक. तेव्हा मी किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात जमादार होतो. गाव माझे तापीकाठी, शिक्षण पाचवीपर्यंत. घरापासून इतक्या लांब, नोकरी जाईल की काय या धास्तीत मी वरिष्ठांचा शब्द खाली पडू देत नसे. खात्याने पोटाला घातले, हे उपकार मी आजही मानतो. पण या प्रकरणात मी चुकलो, तेही लिहिले पाहिजे.

ठाण्यात निनावी अर्ज आला. हायस्कूलच्या आठवीच्या प्रवेशपरीक्षेच्या प्रश्नांचे पाकीट शाळेच्या शिपायाने कपाटातून काढले आणि उत्तरांच्या कागदासकट आपल्या भाचीला दाखवले, असा मजकूर. भाची मिठागरावरच्या घरातली. तेव्हा सातवीवर मास्तरकी मिळे, म्हणून सगळे म्हणत होते, मास्तरीण हो. ती म्हणाली, मला हायस्कूलच पाहिजे. मीठ ओढायचे काम आटोपून रोज गावच्या गुरुजींकडे गणिते करायची. परीक्षेत ती तिसरी आली आणि लगेच अर्ज आला. हेडमास्तरांनी तिचे नाव यादीतून खोडले.

मी शिपायाला दिवसभर ठाण्यात बसवून ठेवले. दरडावले. तो एकच सांगत होता, "जमादारसाहेब, माना वाचता येत न्हाय. कागद कंचा, ता माना काय कलनार?" पाकिटावरची लाखेची मोहोर फुटलेली होती का, असे हेडमास्तरांना विचारले, तर म्हणाले, "आता आठवत नाही." आठवत नाही! आणि तेवढ्यावर पोरीचे नाव खोडले!

दुसऱ्या दिवशी फौजदारसाहेबांच्या परवानगीने मी तिचा पेपर आणि उत्तरांचा कागद मागवला. एक गणित असे होते: एका मिठागरातून दरमहा साठ मण मीठ निघते, तर वर्षात किती? कागदावर उत्तर सातशे वीस. पोरीने लिहिले होते तीनशे. त्यावर लाल शून्य.

मी तापीकाठचा माणूस, मीठ कसे पिकते ते कधी पाहिले नव्हते. मलाही सातशे वीसच बरोबर वाटले. पोरीला बोलावून विचारले, "हे कसे चुकलीस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "चुकले कशी? पावसान मीठ पिकतंय का कवा? दिवालीनंतर बांध घालाचे, पानी घ्याचा. मीठ निघतंय पाच महिनं. तुमी खाताव, तुमाना ठाव न्हाय?"

कोपऱ्यात बसवलेला शिपाई खाली बघून हसला. मी ओशाळलो, आणि मग डोक्यात प्रकाश पडला. उत्तरांचा कागद जिने पाहिला, ती तीनशे कशाला लिहील?

मग उत्तरांचा कागद त्याच पाकिटात आहे, हे अर्ज लिहिणाऱ्याला कुठून कळले? हेडमास्तर म्हणाले, पाकीट बंद करताना मी आणि शाळेचा कारकून, असे दोघेच होतो. कारकुनाला ठाण्यात आणून अर्जातला मजकूर त्याच्याच हाताने पुन्हा लिहून घेतला. अक्षर तेच निघाले; चौथ्या ओळीवर त्याने टाक खाली ठेवला. यादीत थोडक्यात न बसलेला पहिला मुलगा त्याचा पुतण्या होता; पोरीचे नाव खोडले की त्याचा नंबर लागत होता.

शिपाई सुटला. त्याला आणि पोरीला घेऊन मी शाळेत गेलो, तर हेडमास्तर शिपायाला शांतपणे म्हणतात, "वर्ग भरला. पुढच्या वर्षी बसव."

पोरीने मला विचारले, "साहेब, फुडच्या साली पन ह्याच गनित घातला, तं मी काय लिवू? सातशे वीस?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणालो, "हेडमास्तर, हिला उत्तर तुम्ही द्या. मी शिकलेला नाही."

त्यांनी हजेरीपट ओढला. सगळ्या नावांच्या खाली तिचे नाव लिहिले. "पण बाक शिल्लक नाही," म्हणाले.

"खाली बसंल ती," तिचा शिपाईमामा म्हणाला.

पुढे मी फौजदार म्हणून निवृत्त झालो. त्या दिवसापासून तपासात एक पथ्य पाळले. गरिबाच्या पोराला काही येते असे दिसले की हे याने कुठून चोरले, असे आपण आधी विचारतो. मीही तेच विचारले होते. त्यानंतर मी समोरच्याला प्रथम त्याचे काम विचारू लागलो, आरोप नंतर. ती पोर मात्र पहिले सहा महिने जमिनीवर बसून शिकली, याचा राग अजून जात नाही.